चूक सांगायची कुणाला?

६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. काही दिवसांतच एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवेल. त्यावर मी बोलणार नाही. पण याच जिल्ह्यातल्या लोणीत, विळद घाटात बीएस्सी नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी त्या बातमीतून काय उचलले असेल, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. मला भीती वाटते, की त्यांनी एवढेच उचलले असेल: काही घडले तर आपण अडकतो.

अभ्यासक्रमात रुग्णसुरक्षा नाही, असे नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१च्या अभ्यासक्रमात सूक्ष्मजीवशास्त्र आणि संसर्ग नियंत्रणाच्या विषयाच्या नावातच ‘सुरक्षिततेसह’ असा शब्द आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०११ सालीच यासाठी सविस्तर मार्गदर्शिका काढली. परीक्षेत प्रश्न येतो, मुली मुद्दे लिहितात, गुण मिळतात. खरी सुरक्षा मात्र वॉर्डात शिकली जाते, आणि ती शिकवतात तिथल्या सवयी.

रुग्णाची ओळख पटवण्याचेच घ्या. पाथर्डी-शेवगावकडून आलेली ऊसतोडणीवाली आजी खाटेवर आहे. ‘तुम्ही शिंदे ना?’ असे विचारले की ती मान डोलावते. सिस्टर विचारतेय म्हणजे खरेच असणार, आणि मोठ्या माणसांपुढे नाही कशाला म्हणायचे, हा तिचा आयुष्यभराचा संस्कार. शेजारच्या खाटेवरही शिंदेच. म्हणून ‘आजी, तुमचं नाव सांगा, गाव कोणतं?’ असे विचारायचे आणि केसपेपरशी ताडून पाहायचे. फरक एका वाक्याचा, पण औषध योग्य माणसाला जाणे त्यावर अवलंबून. आपल्या माणसांच्या भिडस्तपणाचा हा धडा बाहेरून आलेल्या पुस्तकात कसा सापडेल? तो इथल्या शिक्षिकेनेच घडवायला हवा.

आगीचेही तसेच. विझवण्याचे नळकांडे भिंतीवर दाखवून भागत नाही. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे, तो कोणाच्या सांगण्यावरून बंद करायचा, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण अंबू बॅगवर घेऊन दाराबाहेर काढायला किती माणसे लागतात, हे प्रत्यक्ष खाट ढकलून कळते. ती सरावाची खाट रिकामी असली तरी चालेल, पण दार खरे हवे.

आता मुख्य अडचणीकडे येतो. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषानुसार सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका हवी. त्याहून कितीतरी अधिक रुग्ण एकटीच्या अंगावर पडले आणि तिची चूक झाली, तर ती चूक तिची एकटीची कशी? १९९९मध्ये अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तिकडच्या रुग्णालयांतील चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला, तेव्हा बोट माणसांपेक्षा व्यवस्थेकडे दाखवले होते. आपल्याकडे २००५च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना केवळ आरोप झाला म्हणून सरधोपट अटक करू नये, असे बजावले. रात्रपाळीतल्या परिचारिकेलाही हाच विचार लागू व्हायला नको का?

यावर लोक विचारतील, मग हलगर्जीपणाला मोकळीक द्यायची का? मुळीच नाही. नशेत ड्युटीवर येणारी किंवा नोंदी खोट्या लिहिणारी व्यक्ती शिक्षेलाच पात्र आहे. पण थकून चुकणे आणि जाणूनबुजून टाळणे यांतला भेद शिकवला नाही, तर विद्यार्थिनी दोन्ही गोष्टी लपवायला शिकते. मेमोची भीती फार लवकर लागते.

समजा, तिसऱ्या वर्षाची मुलगी पोस्टिंगवर आहे. डिस्टिल्ड वॉटर समजून तिने पोटॅशियम क्लोराईडचे अ‍ॅम्प्यूल उचलले. सौम्य न करता ते थेट शिरेत गेले तर हृदय थांबू शकते. फोडण्याआधी तिने लेबल वाचले, दचकली, परत ठेवले. रुग्णाला काहीच झालेले नाही आणि कोणी पाहिलेलेही नाही. तिने इन्चार्ज सिस्टरला सांगितले, आणि सिस्टरने न ओरडता ऐकून घेतले, तर संध्याकाळपर्यंत दोन्ही डबे वेगळ्या कप्प्यांत जातील. नाही सांगितले, तर रात्रीच्या पाळीतल्या मुलीसमोर ते तसेच शेजारी शेजारी असतील.