लघुगणकी अक्ष आणि अभावाचा प्रश्न

लघुगणकी अक्षावर प्रत्येक पायरीला दहाने गुणले जाते: १, १०, १००, १०००. खाली उतरताना दहाने भागायचे: ०.१, ०.०१, ०.००१. कितीही भागले तरी शून्य हाती लागत नाही. म्हणून या अक्षावर शून्याला जागा नाही, ऋण संख्यांनाही नाही. इथे एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो: ‘काहीच नसणे’ हे ‘अगदी थोडे असणे’ याचेच टोक, की निराळीच गोष्ट?

नाशिकच्या गोदावरीने २०१६ मध्ये दोन्ही टोके दाखवली. एप्रिलमध्ये तिच्या पात्रातले रामकुंड कोरडे पडले. ऑगस्टमध्ये पुराचे पाणी पात्रातल्याच दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत चढले. अशा वर्षाचा विसर्ग साध्या अक्षावर मांडला, तर पूर तेवढा उठून दिसतो आणि बाकीचे दिवस तळाला चिकटतात. लघुगणकी अक्षावर ते सुटे होतात. पण कोरड्या दिवसाचा ठिपका कुठे द्यायचा?

एक प्रघात प्रत्येक आकड्यात १ मिळवण्याचा आहे. मात्र १ ऐवजी ०.०१ मिळवले, की तोच कोरडा दिवस दोन पायऱ्या खाली घसरतो. त्याची जागा नदीने नव्हे, आलेख काढणाऱ्याने ठरवलेली असते. दुसरी रीत शून्याजवळचा भाग साधा आणि पुढचा लघुगणकी ठेवण्याची. तिथेही सांधा कुठे घ्यायचा, हे माणूसच ठरवतो. तिसरी रीत शून्ये अक्षाखाली वेगळ्या पट्टीत मांडण्याची.

न्याय-वैशेषिक परंपरेचा कौल या तिसऱ्या रीतीकडे जातो. तिथे अभाव हा सातवा, स्वतंत्र पदार्थ आहे. तो नेहमी कशाचा तरी आणि कुठे तरी असतो. कोरड्या कुंडात पाण्याचा अभाव असतो, थेंबाहून लहान पाणी नव्हे. प्राभाकर मीमांसकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते तिथे फक्त रिकामे कुंड आहे.

अभाव ओळखायचा कसा, याची कसोटी ‘योग्यानुपलब्धी’ या कल्पनेत आहे: वस्तू असती तर दिसलीच असती, अशा स्थितीतच तिच्या न दिसण्याला अर्थ असतो. १ क्युसेकखालचा प्रवाह न टिपणाऱ्या यंत्राचे ‘०’ या कसोटीला उतरत नाही. ती नोंद ‘१ पेक्षा कमी’ अशीच हवी. मोजणीच झाली नसेल, तर जागा कोरी सोडावी.

ऋण संख्यांचे दोन प्रकार पडतात. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांचे नियम दिले. त्यातले ऋण म्हणजे कर्ज; हा पहिला प्रकार. धरणाचा साठा एका दिवसात घटला, तर ती घट ‘शून्याहूनही कमी पाणी’ नसते. तेवढेच पाणी उलट दिशेला गेलेले असते. तिथे शून्याच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन लघुगणकी अक्ष काढता येतात. दुसरा प्रकार वेगळा: पाण्याची पातळी मारुतीच्या पावलांपासून मोजली, तर पावलांखालची पातळी ऋण येते. पण शून्य खाली सरकवले की ते ऋणपण नाहीसे होते. असे शून्य केवळ सोयीचे असते आणि त्यावरून काढलेली गुणोत्तरेही सोयीचीच. त्या मोजमापाला साधा अक्षच योग्य.