मुंडकं कुणाचं, माणूस कुठला?

माणूस जेमतेम अठ्ठावीस मिलिमीटरचा. त्याच्या मानेला बारीक निपर लागतो, कट्‌कन आवाज होतो आणि शिरस्त्राणासकट मुंडकं टेबलावर घरंगळतं. उरलेल्या मानेत हातानं फिरवायच्या ड्रिलनं एक भोक पाडायचं, त्यात पितळी तारेचा तुकडा बसवायचा आणि त्या तारेवर दुसऱ्याच कुठल्या तरी फौजेतल्या सैनिकाचं डोकं खोचायचं. मानेभोवती फट राहतेच. ती बुजवायला निळी आणि पिवळी अशा दोन पट्ट्यांची इपॉक्सी पुटी समसमान घेऊन हिरवी होईपर्यंत मळतात. तिचं बाजारातलं नावच ‘ग्रीन स्टफ’. मळताना बोटं ओली हवीत, नाहीतर पुटी मानेपेक्षा बोटांनाच जास्त चिकटते.

टेबलावर सैन्यं मांडून खेळणाऱ्यांच्या जगात या शस्त्रक्रियेला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. धर्मांतराला इंग्रजीत हाच शब्द आहे. योगायोग असेल, पण प्रश्न दोन्हीकडे सारखाच पडतो: बदलल्यानंतर जो उभा आहे, तो पहिलाच का?

हा छंद तसा जुना. एच. जी. वेल्सनं खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात 1913 साली छापले. आजचा सर्वांत मोठा दरबार मात्र इंग्लंडात नॉटिंगहॅमला, ‘गेम्स वर्कशॉप’ कंपनीत भरतो. तिचा ‘वॉरहॅमर 40,000’ हा खेळ 1987 सालचा. सुरुवातीला नियम भरपूर होते आणि पुतळे कमी, तेव्हा कंपनीच्याच ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकानं डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून रणगाडा कसा बनवायचा हे वाचकांना सचित्र शिकवलं होतं. डबी काखेची, रणगाडा भविष्यातला! कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मुंडक्याचा प्रश्न आपल्याकडे वेताळानं केव्हाच विचारून ठेवला आहे. देवीच्या देवळात एका बाईचा नवरा आणि भाऊ, दोघांची शिरं धडावेगळी झालेली. देवीच्या कृपेनं ती जोडताना घाईत बाईकडून अदलाबदल होते. आता नवरा कोणता? विक्रम राजा बेधडक सांगतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो नवरा, कारण सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ. उत्तर ऐकायला चोख वाटतं. पण याच न्यायानं गणपतीकडे पाहिलं की पंचाईत होते. तिथे डोकं हत्तीचं आलं, तरी पार्वतीच्या लेखी पोर तेच राहिलं. एका कथेत डोकं निकाल देतं, दुसरीत धड. दोन्ही कथा घरोघरी सांगितल्या जातात आणि ऐकणारं पोर दोन्हींना मान डोलावतं.

वॉरगेमच्या स्पर्धांचे पंच या वादात डोक्याकडे पाहतही नाहीत, ते पाहतात हात. पुतळ्याच्या हातात जे शस्त्र दिसतं तेच त्याच्याकडे आहे असं मानायचं, हा जुना संकेत. तलवार धरलेल्याला भाला आहे म्हणून चालत नाही. पायाखालची चकतीही ठरल्या मापाची लागते. मात्र शेजारीच दुसरी पळवाट आहे: समोरच्या खेळाडूला आधी सांगून ‘याला अमुक समजा’ असं ठरवता येतं. म्हणजे एक नियम रूपाचा, एक नावाचा. नामरूपाचा हा झगडा उपनिषदं आणि बौद्ध ग्रंथ वाचणाऱ्याला नवा नाही. प्लॅस्टिकच्या पुतळ्यांवरून तो शनिवारी दुपारी घातला जातो, एवढंच नवं.

ग्रीकांची शंका याहून चिवट. प्लुटार्कनं थिसियसच्या जहाजाची हकिगत लिहिली: अथेन्सवाले कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत गेले, मग जहाज तेच का? थॉमस हॉब्जनं 1655 साली ‘दे कॉर्पोरे’त त्यात काडी टाकली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच जहाज पुन्हा बांधलं तर? हॉब्जचा हा फळ्या जमवणारा गृहस्थ प्रत्येक छंदिष्टाच्या घरी सापडतो. त्याचा ‘बिट्स बॉक्स’ असतो. कापलेली डोकी, उरलेले हात, मोडक्या ढाली, सगळं त्यात. सकाळी उतरवलेलं मुंडकं सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या मानेवर चढतं.

बौद्ध कथेतल्या मिलिंद राजाला नागसेन भिक्षूनं रथाबद्दल विचारलं होतं: आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. रथ हे व्यवहारापुरतं नाव आहे, आत वेगळा रथ असा काही नाही. (तेव्हाच्या औरंगाबादला बाबासाहेब आंबेडकरांनी उभारलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव आहे आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात, प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही तिथे शेजारी नांदतात.) पुतळा जोडणाऱ्याला नागसेन पटायला हवा. पण तो पुरता पटत नाही, आणि त्याचं कारण गोंदात आहे.

सुपरग्लूनं दोन तुकडे फक्त चिकटतात. पुतळा काही तास फ्रीझरमध्ये ठेवला की तो सांधा ठिसूळ होतो आणि जरा जोर दिला की तुकडे जसेच्या तसे सुटे होतात. प्लॅस्टिक जोडायच्या ‘सिमेंट’ गोंदाचं तसं नाही. ते पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवतं, दोन्ही तुकडे एकमेकांत मिसळतात आणि वाळल्यावर मधली सीमाच उरत नाही. तिथे ‘हे एक’ म्हणणं नुसता व्यवहार नसतो. नागसेनाच्या रथाला असा सांधा नव्हता.

यानंतर येतो प्राइमर. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून पातळ फवारा मारायचा, हवा फार दमट नको, नाहीतर अंगावर बुरशीसारखी खरखर उठते. पांढरा धातू, करडं प्लॅस्टिक, पितळी तार, हिरवी पुटी, सगळं क्षणात एका रंगाचं होतं. नवख्याला वाटतं, आता भेद मिटला. मुरलेला माणूस नेमका त्याच वेळी पुतळा दिव्याखाली फिरवतो, कारण इतके रंग एकत्र असताना डोळ्याला न दिसलेली फट एकरंगी अंगावर सावली धरून लगेच दिसते. घर रंगवणाऱ्याला विचारा, लांबी कुठे खचली आहे हे प्राइमरनंतरच कळतं. एकसारखा लेप दिल्यानं एकपण येतं हा समज या टप्प्यावर गळून पडतो. मग पुन्हा पुटी, पुन्हा पॉलिशपेपर, पुन्हा फवारा.

जुना, जाड रंग थापलेला धातूचा पुतळा हाती आला की ब्रिटनमधले कित्येक जण तो पातळ न केलेल्या डेटॉलमध्ये रात्रभर बुडवतात. सकाळी टूथब्रशनं घासायचा, आणि पहिली धुणी डेटॉलमध्येच करायची. थेट पाण्याखाली धरला तर सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो. रंग उतरतो, प्राइमरही बराचसा उतरतो, आणि कुणा अनोळखी माणसानं मानेभोवती भरलेला हिरवा पट्टा समोर येतो.