गेलेला वर्गबंधु

मृत वर्गबंधूचें स्मरण करितांना आपण खरोखर कोणाचें स्मरण करितों? बहुधा स्वतःच्याच बालपणाचें. मढच्या कोळीवाड्यांतून होडीनें खाडी ओलांडून वर्सोव्याकडे हायस्कुलास येणारा आमचा एक सोबती निवर्तला, तेव्हां आम्हां जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं त्याच्या खोड्याच तेवढ्या होत्या. पुढें चाळीस वर्षें दर नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहून जो समुद्रावर जात असे, तो माणूस आमच्या गोष्टींत कोठेंच नव्हता.

टिळक व आगरकर हे डेक्कन कॉलेजांतले सहाध्यायी. १८८२ सालीं दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र काढिले. पुढें सामाजिक सुधारणेवरून त्यांच्यांत तीव्र वितुष्ट आलें. तरी १८९५ सालीं आगरकर वारले, तेव्हां ‘केसरी’ंत त्यांच्यावर मृत्युलेख टिळकांनींच लिहिला. ज्याच्याशीं आपण भांडलों, तो निदान आपणांस पुरता ठाऊक असतो. शाळासोबत्याशीं भांडण्याचाहि प्रसंग येत नाहीं. वाटा वेगळ्या होतात, इतकेंच.

कोणी म्हणेल, बालपणींचा स्नेह निर्व्याज असतो, तेवढा पुरे. स्नेह निर्व्याज खरा. परंतु सोळा वर्षांच्या मुलासच पुरा माणूस समजणें हा मृतावर अन्याय होय. त्याच्या घरच्यांस व नावेवरच्या खलाशांस त्याची हकीकत विचारावी, आणि त्यांनीं न पाहिलेला वर्गांतला मुलगा त्यांच्या स्वाधीन करावा. स्मरण पुरें होतें तें अशा देवघेवीनेंच.