शब्द कोठे असतो?

भाच्याने पुण्याहून आणलेले हेडफोन मी प्रथम कानांवर चढविले, ती अमरावतीतली दिवेलागणीची वेळ होती. कानांभोवती बसणाऱ्या मखमली गाद्या, डोक्यावरून गेलेली पोलादी कमान, आणि दोन्ही वाट्यांच्या पाठीला बारीक जाळी. ही जाळी शोभेची नव्हे. पाठ उघडी राहिली म्हणजे आतला पडदा मोकळेपणाने हलतो आणि नाद कोंडत नाही, असे भाच्याने मला समजावून सांगितले. पडदा म्हणजे कागदाहून पातळ असा एक पापुद्रा. त्याला तारेचे वेटोळे चिकटविलेले, भोवती लोहचुंबक. विजेच्या चढउतारासरशी वेटोळे पुढेमागे होते, पडदा हवेला ढकलतो, आणि कर्णपटलापासून बोटा-दोन बोटांच्या अंतरावर साक्षात षड्ज उभा राहतो. मी हिराबाई बडोदेकरांचे एक जुने ध्वनिमुद्रण लाविले होते. तंबोऱ्याच्या जवारीचा एकेक कण वेगळा व्हावा, सूर लावण्यापूर्वी घेतलेला श्वास कळावा, तबल्याच्या शाईवरून बोट उचलले गेल्याचेही ध्यानात यावे, हा अनुभव मला सत्तरीच्या उंबरठ्यावर प्रथमच येत होता, आणि डोळ्यांत पाणी आले हे सांगावयास मला संकोच वाटत नाही.

तथापि त्या आनंदाच्या भरात एक गोष्ट मनाला टोचू लागली. गायिका समोर नव्हती. उजवीकडे नव्हती, डावीकडेही नव्हती. ती माझ्या कपाळाच्या आत, दोन भिवयांच्या किंचित मागे बसून गात होती. याचे शास्त्र अवघड नाही. मोकळ्या हवेत डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोहोचतो व उजव्याला मागाहून. हे अंतर एका सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असते, परंतु तेवढ्यावरून, आणि मस्तकाच्या आडोशाने व कानाच्या पाळीच्या वळणांनी आवाजात जो फरक पडतो त्यावरून, मन दिशेचा निवाडा करते. जुन्या मुद्रणात दोन्ही कानांना एकच नाद एकाच क्षणी मिळतो. साक्षीपुराव्यावाचून दिशेचा दावा खारीज होतो, आणि शब्द मस्तकाच्या मध्यावर येऊन ठरतो.

तेव्हा मला आठवली ती अकोल्याची कावड. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून खांद्यावरून राजराजेश्वराला आणावयाचे, हा अकोल्याचा रिवाज. लहानपणी त्या पहाटे ओसरीवर निजलेल्या मला ढोलाचा आवाज येई, तो कानाशी आला असे कधी वाटत नसे. तो तिकडे, दूर अकोटच्या रस्त्यावर, अंधारात असे, आणि माझे अवघे चित्त अंथरूण सोडून त्याच्याकडे धावत जाई. वडील उशीवरची मान न उचलता, कावड आता कोठवर आली हे नेमके सांगत. तहसील कचेरीत उभी हयात दप्तरे बांधण्यात व सोडण्यात गेलेला तो साधा माणूस कोणतेही दर्शनशास्त्र शिकलेला नव्हता; परंतु ढोल जेथे वाजतो तेथेच तो ऐकला जातो, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

आपल्या दर्शनकारांनी या प्रश्नावर चांगलाच वाद मांडलेला आहे. नैयायिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण, आणि श्रवणेंद्रिय म्हणजे कर्णविवराने मर्यादित झालेले तेच आकाश; पाण्यात लाटेमागून लाट उठावी तसा शब्दामागून शब्द उत्पन्न होत शेवटी जो कानातल्या आकाशात जन्मतो, तेवढाच ऐकू येतो. म्हणजे भेरी वाजली मैदानात, पण ऐकला तो कानातला शब्द. उलट सतराव्या शतकातील धर्मराज अध्वरींद्र यांनी ‘वेदान्तपरिभाषे’त असे प्रतिपादन केले की डोळा व कान ही दोन इंद्रिये स्वतःच विषयाच्या स्थळी जातात, आणि त्याला प्रमाण म्हणून त्यांनी भेरीचाच शब्द ऐकल्याचा सर्वांचा रोकडा अनुभव पुढे केला. आजचे पदार्थविज्ञान नैयायिकांच्या बाजूने उभे राहील, यात संशय नाही. हवेतल्या लाटांचा हिशेब त्यांच्याच लाटांशी जुळतो. माझ्या मस्तकावरचे हे यंत्र तर नैयायिकांची मूर्तिमंत साक्ष आहे: शब्द कानात, आणि कानातच संपला. परंतु माझा कौल वेदान्त्यांकडे जातो. ऐकणे म्हणजे आपण कोणाकडे तरी जाणे, हे त्यांनी ओळखले, आणि धर्माच्या दृष्टीने मला ही ओळख लाटांच्या हिशेबाहून मोलाची वाटते.

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिला मान आहे. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ श्रवणभक्तीनेच होतो. परीक्षितीने सात दिवस भागवत ऐकले, तेव्हा समोर शुक होते. आमच्या वऱ्हाडात याहून जवळचे उदाहरण आहे. चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज, जन्म १८८१, तान्हेपणीच दृष्टी गेलेली, अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य, आणि तेवढ्यात शंभराहून अधिक ग्रंथांची रचना. वेदान्तापासून पाश्चात्त्य विचारापर्यंत त्यांनी जे आत्मसात केले, ते दुसऱ्यांनी वाचून दाखविलेले ऐकून. डोळस माणूस ग्रंथ एकांतात वाचतो व लेखक जणू आपल्याच मनात बोलतो असे मानून चालतो. पण महाराजांपाशी प्रत्येक अक्षर कोणाच्या तरी कंठातून आले, त्या कंठाच्या थकव्यासह, अडखळण्यासह, पान उलटताना घेतलेल्या विसाव्यासह. ज्ञान हे दुसऱ्याकडून येते, हे त्यांना निराळे शिकावे लागले नसेल.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे, आणि तो मी स्वतःवरच घेऊन पाहिला. आतल्या नादाला आपल्या परंपरेने कनिष्ठ कोठे मानले? हठयोगी अंगठ्यांनी कान मिटतो आणि आत समुद्र, मेघ, भेरी, पुढे शंख, घंटा, आणि शेवटी वेणू, वीणा व भ्रमर यांच्यासारखे उत्तरोत्तर सूक्ष्म नाद ऐकत मनाचा लय साधतो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहून तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानेही नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद सांगितले आहेत. मग हेडफोन लावून डोळे मिटलेल्या माणसाला योग्याच्या पंगतीला का बसवू नये? बराच विचार केल्यावर मला असे वाटले की योगी कान मिटतो तो जो नाद कोणी वाजविलेला नाही तो ऐकण्यासाठी. मी मात्र दुसऱ्याने श्रमाने, श्वास खर्चून निर्माण केलेला आहत नाद घेऊन त्याला अनाहताच्या आसनावर बसवितो. गाणे हिराबाईंचे, आणि ते माझ्याच अंतःकरणातून उमटते आहे असा भास मला सुखवितो. हा भास गोड आहे. म्हणूनच त्याची मला भीती वाटते.

इतक्यात त्या जाळीतून, द्रुत लयीच्या ऐन मध्यात, स्वयंपाकघरातून हाक आली: “अवो, आयकून राह्यले का? ताट वाढलं ना!” ती मात्र स्वच्छ उजवीकडून, पंधरा पावलांवरून, भाकरीच्या वासासह आली. भाचा ओशाळून म्हणाला, “मामा, बंद पाठीचे आणायला पाहिजे होते, बाहेरचं काहीच आलं नसतं.” मी त्याला हेच राहू दे म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो.

नैयायिकांचे एक मत मात्र मी त्यांच्याकडून कृतज्ञतेने घेतो: ज्या इंद्रियाने वस्तू कळते त्याच इंद्रियाने तिचा अभावही कळतो, म्हणजे शब्दाचा अभाव हा कानच ऐकतो. मुद्रण संपल्यावर वाट्यांत जे उरले ते मी अनेकदा ऐकून पाहिले. ती शांतता माझ्यापुरती, माझ्या कवटीच्या मापाची. दुसरी शांतता मी गुरुकुंज मोझरीला ऐकली आहे. खंजिरीच्या एका थापेवर खेड्यापाड्यांना जागे करणारे तुकडोजी महाराज १९६८ साली तेथे निवर्तले. दरवर्षी पुण्यतिथीच्या महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी त्यांना मौन श्रद्धांजली वाहिली जाते. एका वर्षी मी बायकोसह गर्दीच्या कडेला उभा होतो. क्षणापूर्वीपर्यंत ध्वनिक्षेपक, विक्रेते, हाका, रडणारी पोरे. आणि मग एकाएकी ते सारे थांबले. मला डावीकडे एका म्हाताऱ्याचा घरघरता श्वास ऐकू आला, मागे कोठे तरी बांगड्यांची किणकिण होऊन ती हाताने दाबली गेली, आणि त्यापलीकडे, फार दूरवर, नजर पोहोचत नव्हती तेथपर्यंत, माणसे न बोलता उभी असल्याचे माझ्या कानांना कळत होते.