हप्ता, व्याज आणि गृहस्थाचा धीर

वारकरी होण्यासाठी घर सोडावे लागत नाही. तेव्हा घरात फ्रीज घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न परमार्थाबाहेरचा म्हणून टाळता येत नाही. तो कर्जाने घ्यावयाचा असेल तर मुळीच नाही.

व्याजाचा दर चढला म्हणून ज्वारी आणायचे कोणी थांबत नाही. पोटाला थांब म्हणता येत नाही. थांबतात त्या टिकाऊ वस्तू. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. आता गंमत पहा. २४,००० च्या फ्रीजवर वर्षाच्या मुदतीत एक टक्का व्याज वाढले, तर महिन्याला जेमतेम ११ रुपये जास्त पडतात. एवढ्यासाठी कोण अडतो? पण २० लाखांच्या, २० वर्षांच्या घरकर्जाला आठाचे नऊ टक्के झाले की महिन्याला साडेबाराशे वाढतात, नाहीतर मुदत लांबते. फ्रीज अडतो तो तेथे, जुन्या कर्जाच्या ओझ्याने.

मग दुकानदार ‘बिनव्याजी हप्ता’ पुढे करतो. २,००० चे १२ हप्ते, झाले २४,०००. रोख दिले तर तीच वस्तू २२,००० ला! म्हणजे वरचे २,००० हे व्याजच की. मुद्दल दरमहा फिटत जाते हे धरले तर हा दर सालाला १६ टक्क्यांवर जातो. मनुस्मृतीत वसिष्ठांचा म्हणून दिलेला दर महिन्याला ऐंशीवा भाग, म्हणजे सालाला १५ टक्के. पण तेथे त्याला उघड व्याज म्हटले आहे. शून्य टक्के व्याज अशी चीजच नसते, हे रिझर्व्ह बँकेनेही २०१३ साली बँकांना बजावले. माझी तक्रार व्याजाविषयी नाही, ते झाकण्याविषयी आहे.

तुकोबारायांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण आवडीने सांगतो. पण ते वैराग्य धनकोचे. ऋणकोला आपले खत बुडविता येत नाही. त्याचे वैराग्य सही करण्याआधीच हवे.

यावरून कपडे धुण्याच्या यंत्राला कोणी चैन म्हणेल, तर त्याने पौषातल्या पहाटे दहा माणसांचे धुणे विहिरीवर धुऊन यावे, मग बोलावे. घरातल्या बाईचे हात वाचत असतील तर हप्त्यालाही मी नको म्हणणार नाही. मात्र रोखीचा भाव आधी विचारावा. आणि उद्या घरकर्जाचा हप्ता वाढला तर दोन्ही निभतील का, हे तिलाच विचारावे. महिनाअखेरीला डब्यात काय उरते ते तिला ठाऊक असते.