मोजणारा आणि न्याय करणारा

एका उपदेशक बंधूंनी आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारिला आहे. त्यांच्या गावी आरोग्यपाहणीचे लोक आले. ते घरोघर बसून दारू, गांजा, अफू यांविषयी विचारीत, मिळेल ते उत्तर टिपून घेत, आणि पिणाऱ्यास दोषाचा एक शब्दही न बोलता पुढच्या घरी जात. मंडळीतील दोघातिघांनी त्यांस खरे सांगितले, असे बंधूंच्या कानी आले आहे. ते विचारितात, पाप ऐकून गप्प राहणे म्हणजे त्या पापाचे भागीदार होणे नव्हे काय? आणि ती नावे त्या लोकांनी पाळकांस कळवावयास नकोत काय?

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर आम्ही लागलीच दिले नाही, कारण विचार करू लागताच त्यात आमचीही गोष्ट निघाली. ती पुढे सांगू.

ह्या पाहण्या कशा होतात हे प्रथम पाहू. सन २०१८ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी सर्व देशभर अशी एक पाहणी केली. तिचे लोक २,००,१११ घरी गेले व १० ते ७५ वर्षे वयाच्या ४,७३,५६९ माणसांशी बोलले. त्यावरून असे दिसले की, मागील बारा महिन्यांत दारू घेतलेले लोक शेकडा १४.६, म्हणजे सुमारे १६ कोटी होते. परंतु सुईने अफूची द्रव्ये टोचून घेणारा मनुष्य घरी क्वचितच सापडतो, आणि सापडला तरी आईबापांदेखत बोलत नाही. म्हणून त्यांनी दुसरी वाट धरिली. एका व्यसनी मनुष्याशी बोलावयाचे, आणि त्याच्याच हाती आपल्या सोबत्यास घेऊन येण्याचा निरोप द्यावयाचा. अशा रीतीने आणखी ७२,६४२ लोकांशी बोलणे झाले. मग त्यांस विचारावयाचे की, गेल्या वर्षी तुम्ही उपचारकेंद्रात गेला होता काय? समजा, दहांतून एकच गेला असेल, तर केंद्राच्या वहीत जितकी नावे, त्याच्या दसपट माणसे एकंदर आहेत असा अदमास निघतो. कोळी तळ्यातील मासे असेच अजमावील.

ह्या सर्व खटाटोपाचा पाया एकच आहे. आपले बोलणे चावडीवर जाणार नाही, असा भरवसा सांगणाऱ्यास वाटला पाहिजे. तो भरवसा एकदा मोडला की दुसऱ्या वर्षी सारे गाव निर्व्यसनी ठरते.

ज्याने निवाडा आधीच करून ठेविला आहे त्याची मोजणी कशी बिघडते, याचे एक उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. सन १८९३ मध्ये केन नावाच्या मद्यपाननिषेधाच्या एका कैवाऱ्यांनी गांजाभांगेचा प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटात काढिला आणि त्यावरून चौकशीसाठी सात जणांचे कमिशन नेमले गेले. त्यांत तिघे ह्या देशचे होते, व त्यांपैकी एक कपुरथळ्याचे कुंवर हरनामसिंग, हे ख्रिस्ती झालेले गृहस्थ होते. (स्वतंत्र हिंदुस्थानच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर ह्या त्यांच्याच कन्या.) गांजाने मनुष्य वेडा होतो, असे त्या काळी सर्वजण धरून चालत, आणि पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे पुढे करीत. कमिशनने केवळ आकडे वाचिले नाहीत. ते कसे झाले हे पाहिले. तेव्हा असे आढळले की, वेड्याबरोबर येणाऱ्या कागदावर 'कारण' असे एक सदर असे. ते रिकामे ठेवणे बरे दिसत नसे. पोलिसाने वेडा कोठे तरी रस्त्यावर धरिलेला, त्याच्या पूर्ववृत्ताची कोणास माहिती नाही; तो कधी चिलीम ओढी, एवढे कोणी म्हटले की सदरात 'गांजा' असे पडे. इस्पितळाच्या वहीत तेच उतरे. सन १८९२ च्या अशा २२२ दाखल्यांची कमिशनने एकेक करून पुनः चौकशी केली, तेव्हा ९८ च टिकले. आणि त्यांतही कित्येकांस दुसरी कारणे होती.

यावरून गांजा निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. कमिशननेही अतिसेवनाचे दुष्परिणाम मान्य केले. आणि मिताने घेण्याविषयी त्यांनी जी सौम्य भाषा वापरली ती आम्हांस रुचत नाही. पण आपल्या मताच्या सोयीचे म्हणून खोटे दाखले जमेस धरावे काय? आमच्या कित्येक उपदेशांत असे आकडे आले आहेत, हे आम्ही लाजून कबूल करितो. सत्याची बाजू घेणाऱ्यास खोट्या साक्षीची गरज पडू नये.

आता आमची गोष्ट. पूर्वी एका मंडळीत असता आम्ही दर वर्षी तिचा अहवाल लिहीत असू, व त्यात मद्यपान करणाऱ्यांच्या पुढे शून्य मांडीत असू. हे शून्य लिहिताना आम्हांस समाधान वाटे. तिसऱ्या वर्षी एक सभासद पोट फुगून, डोळे पिवळे होऊन मरण पावला. मातीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या विधवेच्या समाचारास गेलो. ती म्हणाली, "पाळकसाहेब, साऱ्या आळीला ठाऊक होतं. तुमच्या सायकलीची घंटा वाजली की बाटली कणगीमागं जायची." ती रागाने बोलली नाही. आमचे शून्य आम्हीच तयार केले होते. त्या पोलिसाने जसा 'गांजा' लिहिला तसेच.

कोणी म्हणतील, दाविद राजाने लोकांची मोजणी केली तेव्हा देवाचा कोप झाला. खरे, परंतु त्याने तरवार धरणारे हात मोजिले. शंभर मेंढरांचा मेंढपाळ हाही सायंकाळी मोजणारच होता. मोजल्यावाचून नव्याण्णवच आहेत हे त्यास कसे समजले असते? तो हरवलेल्यास दंड करावयास मोजीत नाही. आणि वरील पाहणीत आणखी एक आकडा आहे, तो तर आम्हांस झोपू देत नाही: दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांतून एकासच काही उपचार मिळाला होता. पाहणी करणाऱ्यांचे काम येथे संपते. उरलेले ३७ कोणाच्या दारी आहेत?

म्हणून बंधूंस आमचे उत्तर असे की, ती नावे मागू नयेत, आणि कानी आली असली तर ती पुढे बोलू नयेत. घरात कोणी मारहाण करीत असेल, मुले उपाशी असतील, तर गोष्ट वेगळी. तेथे गप्प राहणे हाच अपराध. परंतु जो मनुष्य परक्याजवळ खरे बोलला, तो आपल्याजवळ का बोलला नाही, हे आपण स्वतःस विचारावे. तो परका एक घटका त्याच्या ओसरीवर बसला, आणि त्याने ऐकून घेतले. इतके तर आम्हांसही करिता येते.

व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारने १४४४६ हा दूरध्वनी क्रमांक ठेविला आहे. त्यास पैसे पडत नाहीत. बंधूंनी तो प्रार्थनामंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि कोण टिपून घेतो हे पाहत तेथे उभे राहू नये.