प्लायमागे काय लपवलंस?

समोर उभा राहा आणि ऐक. कामतघरच्या त्या फ्लॅटमध्ये तू टीव्ही युनिटला एलईडी पट्ट्या लावल्यास, ते काम मी काल स्वतः जाऊन बघून आलो. घरमालक मला म्हणाले, ‘तुमच्याकडे शिकलेला मुलगा आहे हो, आणि दिवे अर्ध्या तासात लुकलुकायला लागतात.’ त्यांनी तुला तीनदा फोन केला होता. तू उचलला नाहीस. पैसे घेताना उचलत होतास ना?

पट्ट्यांना वीज देणारा ड्रायव्हर शोधण्यातच माझा जीव गेला. वरच्या कप्प्याच्या मागे, प्लाय आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या जागेत तू तो कोंबलायस आणि पुढून लॅमिनेट मारून कायमचा बंद करून टाकलायस. झडप नाही, जाळी नाही, स्क्रूवर निघेल अशी पट्टीसुद्धा नाही. शेवटी सुतार बोलावून फळी कापावी लागली. नवं कोरं फर्निचर! त्या माणसानं आयुष्यभर माग चालवून घर घेतलंय, हॉल पहिल्यांदाच मनासारखा सजवलाय. फळीवर करवत चालताना त्यांची बायको आत निघून गेली. तू तिथे असायला हवा होतास.

एलईडी गरम होत नाही, असं तुला कुणी सांगितलं? बल्बइतकी होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पांढरा प्रकाश देणारी ही चिप मुळात निळी असते, तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो. ती निळी एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, हे वर्गात मी सांगितलं होतं. चिपची उष्णता बाहेर पडली नाही की फॉस्फर म्हातारा होतो, रंग बदलतो, उजेड घसरतो. म्हणून पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये बसवायची. तू काय केलंस? भुसा न पुसता उघड्या प्लायवर पट्टीमागचा टेप दाबलास. दोन ठिकाणी पट्टी लोंबतेय. आणि प्रोफाइल नाही म्हणून वरचं दुधी कव्हरही नाही, त्यामुळे चकचकीत लॅमिनेटमध्ये एकेक ठिपका मोजता येतो. सोफ्यावर बसलं की सगळे डोळ्यांत घुसतात.

आता हिशोब. तो तुला येतो, म्हणूनच मला जास्त राग आहे. 14.4 वॅट प्रति मीटरची 12 व्होल्टची पाच मीटर पट्टी तू वापरलीस. दोन मीटर वर, तीन मीटर खाली. पाच गुणिले 14.4 म्हणजे 72 वॅट, म्हणजे 6 अँपिअर. ड्रायव्हर किती अँपिअरचा लावलास? पाच! क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर भार जाऊ द्यायचा नाही, हा नियम मी फळ्यावर लिहून दिला होता. 72 भागिले 0.8 म्हणजे 90, म्हणून 100 वॅटचा घ्यायचा. तू साठचा घेतलास, त्याला 72 ओढायला लावलंस, वर वारा लागणार नाही असं कोंडलंस. तो अर्ध्या तासात तापून धडपडणार नाही तर काय करणार?

खालच्या कपाटापर्यंत सहा मीटर वायर ओढलीस, तीही अर्धा स्क्वेअर एमएमची. जाऊन-येऊन बारा मीटर. तिचा रोध 0.45 ओहमच्या आसपास, करंट 3.6 अँपिअर. दीड व्होल्टच्या वर वायरीतच गेले. म्हणून खालची पट्टी मंद दिसत होती. ते तुझ्या लक्षात आलं, आणि मग तू जे केलंस ते मला अजिबात सहन होत नाही. वायर बदलायची सोडून तू ड्रायव्हरचा छोटा स्क्रू फिरवलास आणि व्होल्टेज साडेतेरावर नेलंस. मी मीटर लावून बघितलंय, नाही म्हणू नकोस.

ड्रायव्हरला लागून असलेल्या वरच्या पट्टीचं काय झालं, याचा विचार केलास का? 12 व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत असतात. प्रत्येकीला साधारण तीन व्होल्ट, झाले नऊ. उरलेले तीन रेझिस्टरवर. तू दीड व्होल्ट वाढवलेस, ते जवळजवळ सगळे रेझिस्टरवर आले. तीनाचे साडेचार! करंट दीडपट, रेझिस्टरवरची उष्णता सव्वादोनपट. खालची पट्टी उजळावी म्हणून तू वरची जाळायला घेतलीस. त्या पट्टीवर रेझिस्टरच्या जागी तपकिरी डाग पडलेत, जाऊन बघ.

24 व्होल्टची पट्टी घेतली असतीस तर तेवढ्याच वॅटला करंट निम्मा झाला असता आणि वायरीतली घट टक्क्यांत चौथाई. दीड स्क्वेअरची वायर घेतली असतीस तर बारा व्होल्टवरही बरंच भागलं असतं. दोन्हींचा जादा खर्च त्या युनिटच्या एका काचेच्या फळीइतकाही नाही.

‘सर, भिवंडीत व्होल्टेजच वर-खाली होतं’ हे मला ऐकवू नकोस. 2007 पासून इथलं वीजवितरण टोरंट पॉवर बघते, त्यांच्याकडे बोट दाखवायची सवय या गावात सगळ्यांना लागलीय. मीटरच्या पुढे घरात जे आहे ते वीज कंपनीचं नाही, ते तुझ्यासारख्यानं केलेलं काम आहे. आणि बरा ड्रायव्हर आत येणारं व्होल्टेज थोडंफार हललं तरी बाहेर ठरलेलंच देतो, त्याचं कामच ते. त्यावर आयएस 15885 आणि बीआयएसचा आर-नंबर आहे का, हे बघून घ्यायचं. तू लावलेल्या डब्यावर कसलाच नंबर नाही.

भिवंडीचं कारण द्यायचंच तर खरं दे. या घराच्या मागच्या गल्लीत माग चालतात. खिडकीच्या गजावर, पंख्याच्या पात्यावर रुईची धूळ बसते, दोन दिवसांत परत बसते. तीच धूळ भिंतीमागच्या फटीतून त्या ड्रायव्हरच्या जाळीवर जमली होती, नखानं खरवडली तर लोळी निघाली. कारखान्यात रुई आणि ठिणगी एकत्र आली की काय होतं, ते या शहरातल्या पोराला मी शिकवायचं?

आणि शेवटचं, ज्यासाठी मी तुला इथे उभं केलंय. ड्रायव्हरचा डबा पत्र्याचा आहे आणि त्याची अर्थची हिरवी वायर तू कापून आत दुमडलीस. स्विच न्यूट्रलवर घेतलास. म्हणजे बटण बंद असताना दिवे विझतात, पण आत 230 व्होल्ट जिवंतच राहतात. 230च्या जॉइंटला बॉक्स नाही, वायरी पिळून टेप गुंडाळलीय, आणि उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो. त्या घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. खालच्या कप्प्यात त्याची खेळणी असतात. दिवे मंद असणं मी एक वेळ माफ करीन. ही हिरवी वायर नाही.

शनिवारी सकाळी तिथे जा. मेन पाड, टेस्टरनं खात्री कर, मगच हात घाल. फेज स्विचवर घे, अर्थ जोड, जॉइंट बॉक्समध्ये घे. ड्रायव्हर 100 वॅटचा, युनिटच्या बाजूला, जाळीच्या झडपेमागे, हात पोचेल असा. जळालेली पट्टी काढून प्रोफाइलसकट नवी बसव. रंग 3000 केल्विनचाच ठेव, पट्टी फळीच्या पुढच्या कडेला, तोंड भिंतीकडे. कापलेली फळी सुताराकडून स्क्रूवर करून घे. खर्च तुझा.

दिवे दोन तास चालू ठेव, मग ड्रायव्हरच्या डब्याचं तापमान आणि दोन्ही पट्ट्यांच्या टोकांचं व्होल्टेज मोज. आकडे वहीत लिहून सोमवारी मला दाखव. आणि निघण्याआधी त्या बाईंना एमसीबीच्या बोर्डापाशी ने, त्यातला कोणता एमसीबी पाडला की युनिटची वीज जाते ते त्यांच्याच हातानं करून घे.